छायाचित्रावरून स्थानक ओळखा : रेल्वेप्रेमींचा एक अभ्यासपूर्ण छंद

भारतात १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या चौतीस किलोमीटरच्या मार्गावर पहिली प्रवासी गाडी धावली. आज देशात सात हजारांहून अधिक रेल्वे स्थानके आहेत. त्यांपैकी बहुतेक स्थानके प्रवाशाच्या दृष्टीने केवळ खिडकीतून क्षणभर दिसणारा एक पिवळा फलक असतात. परंतु रेल्वेवर प्रेम करणाऱ्यांचा एक वर्ग असा आहे की, ज्याच्यासाठी प्रत्येक स्थानकाला स्वतंत्र चेहरा आहे. अशा मंडळींमध्ये स्थानकाचे छायाचित्र दाखवून, नाव झाकून, ते कोणते हे ओळखण्याचा खेळ लोकप्रिय आहे. वरवर पाहता हा विरंगुळा वाटतो. प्रत्यक्षात मात्र त्यासाठी भूगोल, भाषा, लिपी, वास्तुकला, रेल्वेचे तंत्र आणि इतिहास या सर्वांचे ज्ञान पणाला लागते.

खेळाचे स्वरूप

या खेळाला कोणतेही अधिकृत नियमपुस्तक नाही. सर्वसाधारण पद्धत अशी की, एक जण छायाचित्र सादर करतो आणि इतरांनी स्थानकाचे नाव सांगावयाचे असते. नामफलक दिसत असल्यास तो झाकला जातो किंवा त्याचा काही भागच उघडा ठेवला जातो. जाणकारांच्या मंडळात केवळ नाव सांगणे पुरेसे मानले जात नाही; ते कशावरून ओळखले याचे कारणही द्यावे लागते. कारण न देता अचूक नाव सांगणाऱ्यापेक्षा योग्य तर्क करून शेजारच्या स्थानकापर्यंत पोहोचणाऱ्याचे कौतुक अधिक होते.

उत्तर न आल्यास टप्प्याटप्प्याने संकेत दिले जातात. प्रथम राज्य, नंतर रेल्वेचा विभाग, त्यानंतर मार्ग असा हा क्रम असतो. संगणकावर तेच चित्र शोधून उत्तर मिळवणे हे नियमबाह्य समजले जाते. आधुनिक कॅमेऱ्यांत आणि मोबाईल दूरध्वनीत टिपलेल्या चित्रासोबत स्थळ व वेळ यांची नोंद राहू शकते; त्यामुळे चित्र सादर करणारा ती नोंद आधी काढून टाकतो.

रेल्वेविषयक छंदांची परंपरा अर्थातच जुनी आहे. ब्रिटनमध्ये सदर्न रेल्वेतील कर्मचारी इयन ॲलन यांनी १९४२ मध्ये इंजिनांच्या क्रमांकांची पुस्तिका प्रसिद्ध केली आणि इंजिनांचे क्रमांक टिपण्याचा छंद तेथे घरोघरी पोहोचला. जपानमध्ये तर गाड्यांची छायाचित्रे घेणारे आणि केवळ प्रवासाचा आनंद लुटणारे अशा छांदिष्टांना वेगवेगळी नावे आहेत. भारतातील स्थानक ओळखण्याच्या खेळाचे वैशिष्ट्य म्हणजे येथील भाषांची आणि भूप्रदेशांची विविधता. ही विविधताच खेळाला रंगत आणते.

पिवळा फलक आणि त्यावरील लिपी

पिवळ्या पार्श्वभूमीवर काळ्या अक्षरांत लिहिलेला नामफलक ही भारतीय रेल्वे स्थानकाची सर्वांत ठळक खूण होय. फलाटाच्या दोन्ही टोकांना उभारलेला हा फलक दुरून चालकाला आणि प्रवाशाला वाचता येतो. रेल्वेच्या नियमावलीनुसार फलकावर प्रथम प्रादेशिक भाषा, नंतर हिंदी आणि शेवटी इंग्रजी असा क्रम असतो. तमिळनाडूत मात्र याला अपवाद आढळतो. हिंदी हीच प्रादेशिक भाषा असलेल्या राज्यांत सामान्यतः दोनच भाषा दिसतात. उर्दू ही दुसरी राजभाषा असलेल्या ठिकाणी उर्दूचीही भर पडते.

त्यामुळे नाव झाकलेले असले तरी एखाद्या अक्षराचा तुकडा दिसला, तरी प्रदेश निश्चित होऊ शकतो. गुजराती लिपीला देवनागरीसारखी शिरोरेषा नसते. पंजाबमधील गुरुमुखीला ती असते. तमिळ अक्षरांत सरळ रेघा आणि काटकोन अधिक आढळतात, तर मल्याळम अक्षरे गोलाकार असतात. कन्नड आणि तेलुगू या लिपींत नवख्याची गफलत हमखास होते. तेलुगू अक्षरांच्या माथ्यावर 'बरोबर'च्या खुणेसारखी तिरकी रेघ असते. कन्नडमध्ये ती आडवी होऊन टोकाशी वळते. बंगाली आणि असमिया लिपी जवळपास सारख्याच आहेत. मात्र 'र' या अक्षरात फरक आहे. बंगालीत त्याच्या खाली टिंब असते, तर असमियात त्याच्या पोटातून रेघ जाते. एवढ्या एका अक्षरावरून छायाचित्र पश्चिम बंगालमधील की आसाममधील, हे ठरवता येते. झारखंड आणि पश्चिम बंगालमधील काही स्थानकांवर संथाली भाषेची ओल चिकी लिपीही आढळते. बनारस या स्थानकाच्या फलकावर २०२१ पासून संस्कृतमध्येही नाव लिहिलेले आहे.

महाराष्ट्रातील फलकांचे कोडे अधिक सूक्ष्म आहे, कारण मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांची लिपी एकच. येथे शुद्धलेखन उपयोगी पडते. 'नागपूर' आणि 'नागपुर', 'सोलापूर' आणि 'सोलापुर' अशी दीर्घ व ऱ्हस्व उकारांची जोडी दिसली की स्थानक महाराष्ट्रातील, असे समजावे. 'ळ' हे अक्षर तर मराठीची मुद्राच होय. 'भुसावळ' व 'भुसावल', 'भायखळा' व 'भायखला' ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. मुंबईत 'शीव' आणि 'सायन', 'वांद्रे' आणि 'बांद्रा' अशी एकाच स्थानकाची दोन भिन्न नावेही प्रवाशांच्या नित्य परिचयाची आहेत.

राज्यांच्या सीमेवरील स्थानके हा आणखी रंजक विषय आहे. सुरत-भुसावळ मार्गावरील नवापूर स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही भाग गुजरातमध्ये येतो. तेथे मराठी, गुजराती, हिंदी व इंग्रजी या चारही भाषा आढळतात. राजस्थान आणि मध्य प्रदेश यांच्या सीमेवरील भवानी मंडी हे असेच दोन राज्यांत विभागलेले स्थानक आहे. याउलट पश्चिम बंगालच्या बर्धमान भागात २००८ मध्ये सुरू झालेल्या एका स्थानकाच्या नावावरून दोन गावांत वाद झाला आणि तेथील पिवळे फलक अनेक वर्षे कोरेच राहिले. नाव नसणे हीच त्या स्थानकाची ओळख ठरली.

नावातील आणि आकड्यांतील गमक

फलकाच्या खालच्या बाजूला समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये लिहिलेली असते. नावाचा भाग झाकताना अनेकदा हा आकडा तसाच राहतो आणि जाणकाराला तेवढेच पुरते. दोन हजार मीटरहून अधिक उंची दिसली, तर दार्जिलिंग, शिमला किंवा निलगिरी येथील पर्वतीय रेल्वेचाच विचार करावा लागतो. दार्जिलिंग मार्गावरील घूम हे सुमारे २,२५८ मीटर उंचीवरील स्थानक देशातील सर्वांत उंच स्थानक म्हणून ओळखले जाते. याउलट एक आकडी संख्या दिसल्यास समुद्रकिनारा किंवा खाडी जवळ आहे, असे अनुमान निघते.

नावामागील शब्दही माहिती देतात. 'जंक्शन' म्हणजे जेथे एकाहून अधिक मार्ग मिळतात असे स्थानक. 'टर्मिनस' म्हणजे जेथे मार्ग संपतो ते. 'रोड' हा शब्द मूळ गाव स्थानकापासून काहीसे दूर असल्याचे सुचवतो. नाशिक रोड आणि वसई रोड ही त्याची उदाहरणे. 'कॅन्टोनमेंट' या शब्दावरून लष्करी छावणीचा परिसर कळतो. प्रत्येक स्थानकाला रेल्वेच्या कामकाजासाठी इंग्रजी अक्षरांचा संक्षिप्त संकेत दिलेला असतो. गोंदियाचा संकेत 'जी', जालन्याचा 'जे' आणि रायपूरचा 'आर' असा एकाच अक्षराचा आहे.

नावाची लांबीही कधीकधी पुरेशी ठरते. ओडिशातील 'इब' हे अत्यंत लहान नाव आहे. आंध्र प्रदेशातील 'वेंकटनरसिंहराजुवारिपेटा' हे नाव झाकण्यासाठी लागणाऱ्या पट्टीच्या लांबीवरूनच ओळखू येते.

स्थानकाची वास्तू

मोठ्या स्थानकांच्या इमारती ओळखणे तुलनेने सोपे. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी उभारलेले वास्तुशिल्प २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. त्याच्या प्रवेशद्वारावरील सिंह आणि वाघ यांची शिल्पे, घुमटावरील पुतळा किंवा भिंतीवरील पानाफुलांचे कोरीव काम यांपैकी कोणताही तुकडा दाखवला, तरी उत्तर लगेच मिळते. हावडा स्थानकाची सध्याची इमारत हॅल्से रिकार्डो यांच्या आराखड्यानुसार बांधली गेली. चेन्नई सेंट्रलचा लाल रंग आणि घड्याळाचा मनोरा, १९०८ मध्ये सुरू झालेल्या चेन्नई एग्मोरची घुमटाकार इमारत, हैदराबादमधील काचेगुडा स्थानकाची निजामकालीन वास्तू आणि लखनौच्या चारबाग स्थानकावरील बुद्धिबळाच्या सोंगट्यांसारख्या दिसणाऱ्या छत्र्या या सर्व सर्वपरिचित खुणा आहेत.

खरी परीक्षा असते ती मधल्या आणि लहान स्थानकांची. तेथे बांधकामाचे साहित्य पाहावे लागते. कोकणात जांभा दगड, विदर्भ व मराठवाड्याच्या दख्खनी पठारावर काळा बेसाल्ट, राजस्थानात वालुकाश्म आणि गंगेच्या मैदानात वीट असा साधारण क्रम आहे. पाऊस अधिक असलेल्या प्रदेशांत छप्पर उतरते आणि कौलारू असते. नवी मुंबईत सिडकोने उभारलेली वाशी, बेलापूर यांसारखी प्रशस्त काँक्रीटची स्थानके आपल्या आकारमानामुळे देशातील अन्य उपनगरी स्थानकांहून वेगळी दिसतात.

फलाटावरील छताचे खांबही बोलके असतात. जुन्या कंपन्यांच्या काळातील बिडाच्या खांबांवर आणि कंसांवर कंपनीची आद्याक्षरे कोरलेली आढळतात. 'जी.आय.पी.' ही अक्षरे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, तर 'बी.बी. अँड सी.आय.' ही बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची होत. अनेक ठिकाणी जुने रूळच खांब म्हणून वापरले गेले. त्यांवर कारखान्याचे नाव आणि वर्ष उठवलेले असते. मात्र ते वर्ष रुळाच्या निर्मितीचे असते, स्थानकाचे नव्हे, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

फलाटाची लांबी हीदेखील खूण ठरू शकते. हुबळी येथील १,५०७ मीटर लांबीचा फलाट २०२३ मध्ये खुला झाला आणि त्याने गोरखपूरच्या १,३६६ मीटर लांबीच्या फलाटाला मागे टाकले.

रूळ, तारा आणि गाड्या

रुळांमधील अंतर, म्हणजेच गेज, हा एक निर्णायक पुरावा होय. भारतात ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर, मीटरगेज १,००० मिलिमीटर आणि नॅरोगेज ७६२ किंवा ६१० मिलिमीटर असे प्रकार आहेत. नेरळ-माथेरान आणि दार्जिलिंग या मार्गांचे गेज ६१० मिलिमीटर आहे, तर कालका-शिमला मार्गाचे ७६२ मिलिमीटर. निलगिरी रेल्वे मीटरगेजवर धावते आणि तिच्या चढणीच्या भागात दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी दिसते. ही पट्टी चित्रात आली, तर आणखी काही विचारण्याची गरजच उरत नाही.

तिन्ही गेज एकाच चित्रात दिसत असतील, तर जुन्या काळातील मिरज आठवावे. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी उभारलेल्या बार्शी लाईट रेल्वेचा नॅरोगेज मार्ग, असे तिन्ही प्रकार तेथे एकत्र आले होते. आज मिरजेला केवळ ब्रॉडगेजच आहे.

विद्युतीकृत मार्गावर तारांना आधार देणाऱ्या खांबांवर लहान पाट्या असतात. त्यांवर किलोमीटर आणि त्या किलोमीटरमधील खांबाचा क्रमांक लिहिलेला असतो. छायाचित्र मोठे करून हा आकडा वाचता आला, तर मार्गाच्या आरंभापासूनचे अंतर कळते. मुंबईहून मोजल्यास कल्याण सुमारे ५४, पुणे सुमारे १९२ आणि नागपूर सुमारे ८३७ किलोमीटरवर आहे. मार्ग माहीत असेल, तर या एका पाटीवरून स्थानक जवळजवळ निश्चित होते.

गाड्यांचा पुरावा मात्र जपून वापरावा लागतो. इंजिनाच्या बाजूवर त्याच्या शेडचे नाव रंगवलेले असते आणि डब्यावर मालक रेल्वेची आद्याक्षरे असतात. परंतु अजनी शेडचे इंजिन विदर्भातच उभे असेल, असे मुळीच नाही. लांब पल्ल्याच्या गाडीसोबत ते देशाच्या दुसऱ्या टोकालाही पोहोचते.

निसर्ग, ऊन आणि फलाटावरील जीवन

पार्श्वभूमीकडे दुर्लक्ष करणारा स्पर्धक अर्धी माहिती गमावतो. नारळाची झाडे किनारपट्टी सुचवतात, ताडांच्या रांगा तमिळनाडूच्या दक्षिण भागाकडे बोट दाखवतात. काळी माती, लाल माती, सागाचे जंगल, चहाचे मळे किंवा मिठागरे यांपैकी प्रत्येक गोष्ट नकाशाचा काही भाग वगळून टाकते. डोंगराची रेषा तर बोटांच्या ठशासारखी असते. सह्याद्रीतील सपाट माथ्याचे कडे हिमालयाच्या पायथ्याशी दिसत नाहीत.

उन्हावरून दिशा ठरवता येते. कर्कवृत्ताच्या उत्तरेस मध्यान्हीचा सूर्य वर्षभर दक्षिणेकडेच असतो, म्हणून सावली उत्तरेकडे पडते. दक्षिणेकडील प्रदेशात तसे नसते. मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. फलाटाची दिशा एकदा समजली की, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणाऱ्या मार्गांपैकी निम्मे मार्ग बाद होतात.

फलाटावरील खाद्यपदार्थ ही सर्वांत आवडती खूण म्हणावी लागेल. आग्र्याचा पेठा, रतलामची शेव, लोणावळ्याची चिक्की, नागपूरची संत्रा बर्फी, कर्नाटकातील मद्दूरचा वडा आणि कर्जतचा वडा यांच्या पाट्या आपापल्या स्थानकांची ओळख सांगतात. तथापि, प्रसिद्ध पदार्थ शेजारच्या स्थानकांवरही विकला जातो, हे विसरून चालत नाही.

काळ ठरवण्याची कसोटी

जाणकारांच्या मंडळात स्थानकासोबत छायाचित्राचे वर्षही विचारले जाते. त्यासाठी बदललेली नावे उपयोगी पडतात. मुंबईतील व्हिक्टोरिया टर्मिनसचे नाव १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ मध्ये त्यात 'महाराज' हा शब्द जोडण्यात आला. एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी आणि मुगलसरायचे पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन हे दोन्ही बदल २०१८ मधील आहेत. अलाहाबाद स्थानक २०२० मध्ये प्रयागराज झाले. हबीबगंजला राणी कमलापती आणि झाशीला वीरांगना लक्ष्मीबाई हे नाव २०२१ मध्ये मिळाले. फलकावर जुने नाव असेल, तर छायाचित्र त्या वर्षापूर्वीचे, हा साधा नियम आहे.

तंत्रातील बदलही असेच काळाचे टप्पे दाखवतात. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्णपणे सुरू झाली आणि तिचे संपूर्ण विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. म्हणून रत्नागिरी स्थानकाच्या चित्रात वर तारा दिसत नसतील, तर ते त्यापूर्वीचे असणार. सर्व मार्ग ब्रॉडगेज करण्याची योजना १९९२ मध्ये सुरू झाल्यानंतर मीटरगेजची असंख्य स्थानके पालटली. प्रवासी सेवेतील वंदे भारत गाडी २०१९ पूर्वीच्या चित्रात दिसणे शक्य नाही. प्रवासी डब्यांच्या पाच अंकी क्रमांकातील पहिले दोन अंक डब्याच्या बांधणीचे वर्ष सांगतात. छायाचित्र त्या वर्षापेक्षा जुने असू शकत नाही. हात वर-खाली होणारे जुने सिग्नल आणि रंगीत दिव्यांचे सिग्नल यांतील फरकही कालनिर्णयास मदत करतो.

तर्काचे एक उदाहरण

तर्काची साखळी कशी जुळते, हे पाहण्यासाठी एक काल्पनिक चित्र घेऊ. फलकाचा डावा भाग झाकलेला आहे. वरच्या ओळीच्या शेवटी 'ळ' आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी 'ल' एवढेच दिसते. यावरून स्थानक महाराष्ट्रातील, हे स्पष्ट झाले. भुसावळ, नेरळ आणि नेरूळ ही तीन नावे लगेच समोर येतात.

आता पुढचा पुरावा पाहावा. चित्रात भव्य काँक्रीटची इमारत आणि भोवती शहर दिसत नाही, म्हणून नवी मुंबईतील नेरूळ मागे पडते. उंचीच्या आकड्यातील पहिला अंक झाकलेला असला, तरी एकूण तीन अंक आहेत, हे रिकाम्या जागेवरून जाणवते. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या नेरळची उंची शंभर मीटरपेक्षा कमी आहे. खानदेशातील भुसावळ दोनशे मीटरच्या पुढे आहे. शिवाय नेरळ असते, तर बाजूला माथेरानच्या छोट्या गाडीचे रूळ किंवा मागे डोंगराची भिंत दिसण्याची शक्यता होती. चित्रात मात्र सपाट क्षितिज आणि रुळांचे विस्तीर्ण जाळे आहे. तेव्हा उत्तर भुसावळ. यात कोठेही चमत्कार नाही. एकेक शक्यता वगळत जाणे, एवढीच ही पद्धत आहे.

नेहमीचे चकवे

या खेळात अनुभवी व्यक्तीही फसतात. एकाच नावाची दोन स्थानके हा पहिला चकवा. बेलापूर म्हटल्यावर नवी मुंबई आठवते, परंतु दौंड-मनमाड मार्गावर श्रीरामपूर येथील स्थानकाचे नावही बेलापूर असेच आहे. दुसरा चकवा आरशातील प्रतिमेसारख्या उलट्या छापलेल्या छायाचित्राचा. अशा वेळी एखादे अक्षर किंवा घड्याळ शोधावे लागते. तिसरा चकवा चित्रपटांचा. चित्रीकरणासाठी स्थानकावर दुसऱ्याच गावाचा फलक लावला जातो आणि ते दृश्य पाहणारे त्या नावाच्या स्थानकाचा शोध घेत राहतात. एकाच काळात, एकाच आराखड्यावर बांधलेली लहान स्थानके हा चौथा आणि सर्वांत अवघड चकवा होय.

खेळापलीकडचे मोल

हा छंद केवळ करमणुकीपुरता मर्यादित राहिलेला नाही. देशातील स्थानके सध्या वेगाने बदलत आहेत. अमृत भारत स्थानक योजनेअंतर्गत ऑगस्ट २०२३ मध्ये ५०८ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आणखी ५५३ स्थानकांच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली. मे २०२५ मध्ये १०३ स्थानकांचे उद्घाटन करण्यात आले. प्रवाशांना सरकते जिने, उद्वाहने आणि प्रशस्त प्रतीक्षालये मिळत आहेत, ही स्वागतार्ह बाब आहे. त्याच वेळी अनेक जुन्या इमारती, कौलारू छपरे आणि लाकडी तिकीट खिडक्या नाहीशा होत आहेत. सिकंदराबाद स्थानकाची जुनी दर्शनी इमारत पुनर्विकासासाठी २०२५ मध्ये पाडण्यात आली.

जतनाचा मार्गही उपलब्ध आहे. मुंबईतील भायखळा स्थानकाच्या जुन्या इमारतीचे मूळ स्वरूप काळजीपूर्वक पुन्हा साकारण्यात आले आणि त्या कामाला २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा वारसा पुरस्कार मिळाला. असे काम करताना जुनी छायाचित्रेच मार्गदर्शक ठरतात. परंतु ती कोणत्या स्थानकाची आणि कोणत्या काळातील, हे ठाऊक नसेल, तर त्यांचा उपयोग होत नाही. घरोघरीच्या संग्रहांत अशी कितीतरी चित्रे पडून आहेत, ज्यांच्या मागे ना नाव लिहिलेले आहे, ना तारीख.

मराठी वाचकांच्या दृष्टीने या गोष्टीला आणखी एक पैलू आहे. बडोद्याच्या गायकवाड संस्थानात डभोई ते मियागाम हा नॅरोगेज मार्ग १८६२ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्यावरील गाड्या बैल ओढत असत. ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानाची छोटी रेल्वे २०२० मध्ये गेज परिवर्तनासाठी बंद झाली. वऱ्हाडात मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी 'शकुंतला' अनेक पिढ्यांच्या स्मरणात आहे. या मार्गांवरील लहान स्थानकांची ओळख पटवणारी पिढी आता वयोवृद्ध होत आहे. ज्या छायाचित्राला आज नाव मिळाले नाही, त्याला ते पुढे मिळेलच, याची शाश्वती नाही.

दुसरा उपयोग अधिक तातडीचा आहे. एखादा अपघात, चेंगराचेंगरी किंवा आंदोलन झाले की, जुनी अथवा दुसऱ्याच ठिकाणची छायाचित्रे त्या घटनेची म्हणून पसरवली जातात. आपले आप्त त्या गाडीत असावेत, या भीतीने व्याकूळ झालेल्या कुटुंबांना अशा चित्रांमुळे नाहक मनस्ताप होतो. फलकावरील लिपी, डब्याचा रंग, खांबावरील क्रमांक आणि सावलीची दिशा तपासण्याची सवय असलेली व्यक्ती अशा चित्राचा खरेखोटेपणा काही मिनिटांत सांगू शकते. खेळातून आलेले हे कौशल्य अफवा रोखण्याच्या कामी येते.

नवोदितांसाठी काही सूचना

हा छंद जोपासण्यासाठी फारसा खर्च येत नाही. रेल्वेचा नकाशा, वेळापत्रक आणि आपल्या परिसरातील एखादा मार्ग यांपासून आरंभ करता येतो. आपल्या जिल्ह्यातील सर्व स्थानके क्रमाने ओळखता येऊ लागली की, शेजारच्या विभागाकडे वळावे. प्रवासात स्थानकाचे नाव, उंची, इमारतीचे साहित्य आणि आसपासची झाडे यांची वहीत नोंद ठेवल्यास स्मरणशक्तीला आधार मिळतो. विविध भारतीय लिपींची मुळाक्षरे निदान ओळखण्यापुरती शिकावीत. नवी दिल्ली येथे १९७७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आणि नागपूरच्या मोतीबाग येथील नॅरोगेज संग्रहालयात जुनी इंजिने, डबे व उपकरणे पाहावयास मिळतात.

छायाचित्रे घेताना मात्र सुरक्षिततेला सर्वोच्च प्राधान्य द्यावे. रुळांवर अनधिकृतपणे प्रवेश करणे हा रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ नुसार गुन्हा असून, त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विद्युत तारांखाली लांब काठीला कॅमेरा लावणे, चालत्या गाडीच्या दारातून बाहेर झुकणे किंवा फलाटाच्या कडेवर उभे राहणे जिवावर बेतू शकते. व्यावसायिक चित्रीकरणासाठी रेल्वेची पूर्वपरवानगी आवश्यक असते. स्थानकावरील अधिकाऱ्यांनी मनाई केल्यास त्यांचे म्हणणे मान्य करावे. चित्रात सहप्रवाशांचे चेहरे येत असल्यास त्यांच्या खासगीपणाचाही विचार करणे उचित ठरते.

जुनी छायाचित्रे संग्रही असणाऱ्यांनी त्यांच्या मागील बाजूस स्थानकाचे नाव, ज्ञात असल्यास वर्ष आणि छायाचित्र कोठून मिळाले, एवढ्या तीन गोष्टी मऊ पेन्सिलने लिहून ठेवाव्यात. वर्ष निश्चित माहीत नसेल, तर 'सुमारे' असे स्पष्टपणे लिहावे. अंदाज आणि खात्री यांतील हा फरक पाळला गेला, तर पुढील अभ्यासकांना त्या नोंदीवर विश्वास ठेवता येईल.